काचेच्या नळीतले पाणी

गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता यशोधराला आपली चूक सापडली. तोवर ती चूक अंबरनाथमधल्या त्यांच्या वस्तीच्या नाक्यावर, दहा फूट लांब आणि सहा फूट उंच अशी, चार बांबूंना बांधून लटकू लागल्याला तीन दिवस झाले होते.

फ्लेक्स लावला होता तिच्या थोरल्या भावाने, विक्रांतने. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका फ्लेक्सच्या दुकानात तो डिझाइनचे काम करतो. वाढदिवस, दहावीचे निकाल, मंडळांच्या शुभेच्छा, दुसऱ्यांचे सगळे आनंद त्याच्याच संगणकातून बाहेर पडतात. रविवारी बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेकडून यशोधराला ईमेल आले. पीएचडीच्या मुलाखतीसाठी तिला बोलावले होते. मुलाखत शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, लॅपटॉपवर, घरूनच द्यायची होती. सोमवारी संध्याकाळी ती नाक्यावर भाजी घ्यायला गेली आणि स्वतःचाच चेहरा पाहून जागीच थबकली. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिले होते : 'कार्नोची मर्यादा ओलांडणारी आमची यशोधरा किसन ओव्हाळ! क्वांटम शास्त्राच्या संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"दादा, अजून मुलाखत व्हायचीय रे!"

"अगं, होणारच ना? टेन्शन कायको लेती है? आमचा शेठ स्वतः बोलला, साईं, बहन का फ्लेक्स बडा निकाल. आणि पब्लिकला काय कळतंय, मुलाखत काय अन् निवड काय."

"आणि कार्नो कुठून आणलास?"

"तूच बोललीस की जेवताना."

हे खरे होते. जेवताना तिने सांगितले होते की दोनशे वर्षांपूर्वी कार्नो नावाच्या एका फ्रेंच इंजिनियरने उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांची एक मर्यादा शोधून काढली. मिळालेल्या उष्णतेतून अमुक इतकेच काम निघेल, त्याहून जास्त नाही, मग ते यंत्र कोणीही बांधो. तिने एमएस्सीच्या प्रकल्पात कागदावर एक यंत्र मांडले होते, एकाच अणूचे. एकदा गरम साठ्याला जोडायचे, एकदा थंड साठ्याला. कार्नोच्या नियमाप्रमाणे त्याची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या पुढे जायला नको होती. तिचे उत्तर त्रेचाळीस येत होते. ते वरचे तीन टक्के अणूच्या क्वांटम स्वभावातून येतात, असे तिने सहा पानांच्या लेखात लिहिले होते. तो लेख अर्जाला जोडला होता आणि त्याच्याच जोरावर मुलाखतीचे बोलावणे आले होते. किसन, तिचे वडील, एका जीन्स धुलाईच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारले होते, "म्हणजे आमच्या बॉयलरपेक्षा भारी?" आणि सगळे हसले होते. त्या हसण्यातूनच विक्रांतने ते वाक्य उचलले होते.

गुरुवारी दुपारी ती मुलाखतीची तयारी म्हणून तोच लेख पुन्हा वाचत होती. चौथ्या पानावर, अकराव्या समीकरणापाशी तिचे बोट थांबले. अणूला गरम साठ्याला जोडले, असे तिने सहज लिहिले होते. पण जोडायला काही काम लागत नाही का? तोडायला? हलकी जोडणी असेल तर ते काम नगण्य असते, म्हणून सगळी पुस्तके ते सोडून देतात. तिने मात्र जोडणी घट्ट धरली होती. तिच्या लेखाचे वेगळेपण तेच होते. घट्ट जोडणी करायची आणि तिचे काम मात्र मोजायचेच नाही, असे तिने केले होते.

तिने ते मोजले. पहिल्यांदा उत्तर एकतीस टक्के आले. दुसऱ्यांदा, पेन बदलून, पुन्हा एकतीस. तिसऱ्यांदा करताना तिच्या लक्षात आले की आपण गणित तपासत नाही आहोत, गणिताची विनवणी करतो आहोत. घरात कुकरची शिट्टी झाली आणि ती अंग चोरून बसली, जणू कोणी आत येऊन वही पाहणार होते.

कोणाकोणाला ठाऊक आहे? संस्थेच्या तीन तज्ज्ञांनी लेख वाचला आहे. अंजना मॅडमनी शिफारसपत्र दिले आहे. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर तिचे नाव घेऊन टाळ्या वाजल्या आहेत. आणि नाक्यावरून दिवसाला किती हजार माणसे जातात, ते तिने मोजायचे टाळले.

अंजना म्हात्रे मॅडम उल्हासनगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. बदलापूरजवळच्या गावातल्या शेतकरी घरातून आलेल्या, बोलण्यात कधी आडपडदा नसलेल्या. यशोधराने फोनवर सगळे सांगितले. 

"माझ्याही नजरेतून सुटलं गं," मॅडम म्हणाल्या. "मी सहीच केली. पेपर तपासायचे होते, गठ्ठा पडला होता... असो. किती येतंय आता?"

"एकतीस, मॅडम."

"म्हणजे सगळं साधंच. नवीन काही नाही."

"नाही."

"हे बघ, अठरा जणांना बोलावलंय आणि जागा चार. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. पण नाही विचारलं, तर आपणहून उघडं पडायची काही गरज नाही. आत गेल्यावर दुरुस्त करता येईल. लोक करतात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पत्रात मी 'असामान्य' असा शब्द लिहिलाय, यशोधरा."

त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मॅडमसुद्धा घाबरल्या आहेत, हे कळल्यावर यशोधराला उरलासुरला आधारही राहिला नाही.

साडेचार वाजता आईने, भागीरथीने, डबा तिच्या पुढ्यात ठेवला. "बाबा डबा इथंच विसरून गेले. फोटो दाखवत बसले होते फ्लेक्सचा, समोरच्या ठमाबाईला, दूधवाल्याला. जा, देऊन ये. घरात बसून बसून चेहरा बघ कसा झालाय."

"आई, उद्या मी नाही झाले सिलेक्ट तर?"

"मग काय, पुन्हा द्यायची. पण होशील गं. एवढा मोठा फ्लेक्स लावलाय!"

शेअर रिक्षा नाक्याजवळ येताच यशोधराने ओढणी कपाळावर ओढली. उपयोग झाला नाही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. "क्या मॅडम, फ्लेक्सवाल्या ना तुम्ही? मर्यादा ओलांडली म्हणे! आमच्या रिक्षाचं ॲव्हरेज पण ओलांडून द्या जरा." मागच्या दोन बायका हसल्या. तीही हसली, आणि हसताना दात घट्ट आवळलेले तिचे तिलाच जाणवले.

कारखाना औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होता. गेटवरचा वॉचमन तिला लहानपणापासून ओळखत होता. बॉयलर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आडवा, जुना, दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणारा. त्याच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी. आतले पाणी किती आहे ते या नळीत दिसते. ती बॉयलरला जोडणारी तोटी, म्हणजे कॉक, खाली एक आणि वर एक. पलीकडे तशीच दुसरी नळी होती, पण तिचा कॉक आठ दिवसांपासून अडकलेला होता आणि तिच्यावर चिंधी बांधली होती.

किसन तिला पाहून हसले. "आलीस? ये. ही बघ आमची क्वांटम मशीन." मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. "काय झालं गं?"

"बाबा, माझं चुकलंय." ती सांगत गेली. त्यांना समीकरण कळणार नव्हते, म्हणून तिने हातांनी दाखवले. हे यंत्र, हा साठा, आणि या दोघांमधला जोड. "जोडाचंच मोजायचं राहिलं."

किसन ऐकत होते. ऐकताऐकता सवयीने त्यांनी नळीकडे पाहिले. पाणी अर्ध्याच्या किंचित वर होते. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. "थांब हां, नळी मारून घेतो," ते म्हणाले.

हा प्रकार तिने लहानपणापासून पाहिला होता. दर पाळीला नळीच्या तळाचा निचऱ्याचा कॉक उघडायचा. नळीतले सगळे पाणी फसफसत वाफेसकट निघून जाते. कॉक बंद केला की बॉयलरमधले पाणी तात्काळ उसळून नळीत चढते. तसे चढले, तरच नळी खरे बोलते आहे असे समजायचे. नुसत्या दिसणाऱ्या पाण्यावर बॉयलरवाला विश्वास ठेवत नाही.

किसनने कॉक उघडला. पाणी निघून गेले. त्यांनी कॉक बंद केला.

नळी रिकामीच राहिली.

किसनने पुन्हा उघडले, पुन्हा बंद केले. काचेच्या तळाशी एक थेंब थरथरला, पण वर चढला नाही.

"यशू, बाहेर हो."

"बाबा..."

"बाहेर हो म्हणतो ना! भिंतीच्या पलीकडे!"

तिने त्यांचा असा आवाज कधीच ऐकला नव्हता. ती शेडच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. किसनने आधी हवेचा पंखा बंद केला. मग भट्टीचे दार उघडून लांब आकडीने पेटत्या कांड्या ओढून बाहेर काढायला सुरुवात केली. लाल निखारे फरशीवर पसरले.

"पंप! पंप लावू का?" ती ओरडली.

"हात लावू नकोस! आतला पत्रा तापला असेल आणि त्यावर गार पाणी पडलं, तर शेड राहणार नाही."

धुलाईच्या बाजूने सुपरवायझर दिपेश पळत आला. "किसनभाऊ, स्टीम का गेली? बाराशे पीस मशीनमध्ये आहेत! शेठ येतोय सहा वाजता!"

"पाणी दिसत नाही."

"आता तर होतं! मी स्वतः बघितलं अर्ध्या तासापूर्वी!"

"दिसत होतं. आत आहे का, ते माहीत नाही. लांब हो दिपेश. आणि तुझ्या माणसांना पण मागं घे."

दिपेशने तोंड उघडले होते. पण निखारे पाहिले, किसनचा चेहरा पाहिला आणि तो उलट्या पावली गेला. धुलाईच्या मशीन एकेक करत थांबल्या. ती शांतता यशोधराला सर्वात भयंकर वाटली. दाबाचा काटा खाली यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिच्या मनात मुलाखत नव्हती, फ्लेक्स नव्हता, काहीच नव्हते. बाबा आत आहेत, एवढेच होते.

सगळे थंडावल्यावर त्यांनी नळी बॉयलरला जोडणारा खालचा कॉक खोलला. पाण्यातल्या क्षारांच्या थराने तो आतून पार बुजला होता. नळीतले पाणी बॉयलरचे नव्हतेच. कधीतरी अडकून राहिलेले ते पाणी तासन् तास तसेच अर्ध्यावर उभे होते. आणि बॉयलरमध्ये धोक्याच्या खुणेवर फक्त दोन बोटे पाणी उरले होते.

"नळी आणि बॉयलर दोन्ही धड होते," किसन खाली बसत म्हणाले. "मधला जोडच बुजला." म्हटल्यावर त्यांचे त्यांनाच काही आठवले असावे. त्यांनी वर तिच्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

कारण भिंतीवर खिळ्याला नोंदवही टांगलेली होती, आणि तिने ती पाहिली होती. आजची तारीख. तीन वाजता पाळी सुरू. 'नळी तपासली', आणि पुढे बरोबरची खूण. खाली बाबांची सही, वळणदार.

"तीनला केली होती का तपासणी?" तिने हळूच विचारले.

किसनने आकडीने एक निखारा मागे सारला. "फोटो दाखवत होतो पहिल्या पाळीच्या लोकांना. तुझा. खूण करून टाकली. म्हटलं, करू नंतर." त्यांनी कपाळ पुसले, राखेचा पट्टा उमटला. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आईला सांगू नकोस."

वही तशीच टांगलेली राहिली. ते उठून ती दुरुस्त करायला गेले नाहीत. यशोधराने डबा बाकड्यावर ठेवला आणि ती निघाली.

शुक्रवारी सकाळी भागीरथीने पलंगाच्या मागची भिंत मोकळी करून दिली. विक्रांतने लॅपटॉपखाली दोन डबे ठेवून तो उंच केला आणि "ऑल द बेस्ट, यशू" म्हणून बाहेरून दार ओढून घेतले. बाहेर पायरीवर बसून किसनने दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली.

अकरा वाजता पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या. इंग्रजीतून नमस्कार झाला. एक तरुण प्राध्यापक म्हणाले की लेखाच्या निष्कर्षापासून सुरुवात करू या, तो फारच लक्षवेधी आहे.

लक्षवेधी. अंजना मॅडमचे वाक्य यशोधराच्या कानात होते : नाही विचारलं, तर आपणहून उघडं पडायची काही गरज नाही. त्यांनी निष्कर्ष विचारला होता, चूक विचारली नव्हती. तिच्यापुढे दोन वाटा अगदी स्वच्छ होत्या.

"निष्कर्ष चुकीचा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चौथ्या पानावरचं अकरावं समीकरण. जोडण्याचं आणि तोडण्याचं काम मी धरलेलं नाही. ते धरलं की कार्यक्षमता एकतीस टक्के होते. मर्यादा ओलांडली जात नाही."

पडद्यावर तिघांनी लेखाचे चौथे पान काढले.

"हे तुमच्या लक्षात केव्हा आलं?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारले.

"काल दुपारी."

"कोणी दाखवून दिलं?"

"नाही."

"ज्या लेखावर आम्ही तुम्हाला बोलावलं, तोच तुम्ही मागे घेता आहात. हे तुम्हाला कळतंय ना?"

"हो, मॅडम."

तरुण प्राध्यापक किंचित पुढे झुकले. "आम्ही ते विचारलं नसतं कदाचित. मग का सांगितलंत?"

उत्तर तिने तयार केलेले नव्हते. "भीती वाटली, सर. उत्तर तसंच ठेवून पुढची पाच वर्षं त्याच्यावर काम करण्याची."

कोणी हसले नाही, कोणी शाबासकी दिली नाही. बाईंनी फक्त म्हटले, "मग आता ते काम मोजून दाखवा. जोडणी हळूहळू घट्ट करत नेली, तर काय होतं?" चाळीस मिनिटे ती कागदावर मांडत राहिली आणि कागद कॅमेऱ्यापुढे धरत राहिली. एका पायरीला अडकली. "पुढचं मला येत नाही," असे दोनदा म्हणाली. शेवटी त्यांनी कळवू असे सांगितले आणि चेहरे एकेक करून गेले. काळ्या पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. फ्लेक्सवरच्या चेहऱ्याशी त्याचे काहीच नाते नव्हते.

दार उघडले तेव्हा किसन उभे होते. "सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि कामाची पिशवी उचलली. तीनच्या पाळीला अजून तीन तास होते.

त्याच दिवशी संध्याकाळी तिने विक्रांतला फ्लेक्स काढायला सांगितले. "येडी झालीस का? लोक काय बोलतील? लावला आणि उतरवला!"

"मग ती ओळ तरी झाक. ते खोटं आहे दादा."

दुसऱ्या दिवशी दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणून विक्रांतने कार्नोची ओळ झाकली. ठमाबाईने विचारले, "काय रे, नाव चुकलं होतं काय?" "हो मावशी, प्रिंटिंग मिस्टेक," तो म्हणाला, आणि बहिणीकडे पाहून त्याने डोळा मिचकावला. दुपारच्या उन्हात पट्टीखालची पिवळी अक्षरे अंधुक दिसतच राहिली.

नऊ दिवसांनी ईमेल आले. पीएचडीसाठी या वर्षी जागा देता येत नाही. मात्र एका वर्षासाठी प्रकल्प सहायक म्हणून यावे. काम : घट्ट जोडणीतल्या यंत्रांत जोडण्या-तोडण्याचा खर्च नेमका किती, ते काढणे. वर्षअखेरीस पीएचडीसाठी पुन्हा अर्ज करता येईल. निवडीची हमी नाही. तिने ते आधी अंजना मॅडमना वाचून दाखवले. मॅडम म्हणाल्या, "माझं पत्र मी दुरुस्त करून पाठवलं होतं शनिवारी. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

किसनने ते दोनदा वाचायला लावले. "म्हणजे वर्षभर तपासणीवर ठेवलंय तुला."

"हो. तसंच."

"वाटतंय का भीती?"

"खूप."

ते कामाला निघाले होते. पायरीवर थांबून, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "वहीत मी लिहिलं. त्याच दिवशी, तू मुलाखत दिलीस तेव्हा. तीन वाजता नळी तपासली नव्हती, असं. खूण खोडून खाली सही केली. दिपेशने पान बघितलं, शेठने पण. अजून कोणी काही बोललेलं नाही."

"मग काय होईल?"

"माहीत नाही. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर येतो." त्यांनी चप्पल घातली. "रोज तीनला आधी नळी रिकामी करतो. पाणी वर येईपर्यंत श्वास धरून बसतो बघ. एवढं-एवढंसं असतं ते, दोन सेकंद. पण कधी संपत नाहीत."

ते नाक्याच्या दिशेने चालू लागले. यशोधराने आपली वही उघडली, नवे पान काढले आणि अकरावे समीकरण पहिल्यापासून लिहायला घेतले.